कापसाच्या खोलीतली दिवाळी

कापसाची खोली ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगणं अवघड आहे. दसरा झाला, वेचणी सुरू झाली, की भीमपूरकडच्या आमच्या गावात प्रत्येक घरातली एक खोली माणसांची राहत नाही. तिथली खाट, पेटी, कपड्यांची दोरी बाहेर येते आणि कापूस आत जातो. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, साल चांगलं असलं तर खिडकीच्याही वर. दार उघडलं की पांढरा अंधार दिसतो. आत जाऊन बोललं तर आपलाच आवाज गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. लहानपणी मी त्या ढिगावर झोपून जायची आणि बाहेर घरभर शोधाशोध व्हायची. हाका ऐकू यायच्या, पण नदीच्या पलीकडून आल्यासारख्या. अजूनही आदिलाबादच्या भाड्याच्या घरात दुपारी पंख्याखाली पडले की मी त्या खोलीत आहे असं वाटतं आणि उठावंसं वाटत नाही.

त्या खोलीचे कायदे कडक. चप्पल घालून आत जायचं नाही. दिवा, काडी, विडी दाराजवळसुद्धा न्यायची नाही. आणि कुत्र्या-मांजरानं तर उंबरा ओलांडायचाच नाही, कारण आत लक्ष्मी असते. गेल्या दिवाळीत मी हा शेवटचा कायदा मोडला. मुद्दाम, ठरवून, काकूशी भांडून मोडला.

बाबांना अकरा वर्षांपासून ऐकू येत नाही. आधी एक कान गेला, मग दुसरा, आणि आई गेली तोवर घरात पूर्ण शांतता झाली होती. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्दांतले दोन पोचतात. पण आमच्या घराच्या भिंती काही फार उंच नाहीत, आणि बाबांना सांगितलेलं सगळ्या गल्लीला कळतं. त्यामुळे अकरा वर्षं मी त्यांच्याशी फक्त ओरडण्याजोगंच बोलले. जेवलात का. गोळी घेतली का. पाणी भरलं का. जे ओरडून सांगता येत नाही ते पोटातच राहिलं. मी महसुलाच्या ऑफिसात काम करते. दिवसभर पट्टे, दाखले, नकला आणि तेलुगू. संध्याकाळी बाजारात हिंदी. मराठीत हळू आवाजात बोलावं असं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्यालाच ऐकू येत नव्हतं. याचा मला राग यायचा. कोणाचा ते माहीत नाही, पण यायचा.

बाबा गावात एकटेच असतात. एकटे म्हणजे आवाराच्या पलीकडच्या बाजूला काकू असते, माझी चुलती. ती दोन वेळच्या भाकरी टाकते आणि दोन वेळा बाबांवर चिडते. आणि कुत्री असते.

कुत्री म्हणजे साधी गावरान, ज्वारीच्या भाकरीच्या रंगाची, एका कानाचं टोक फाटलेली. नाव ठेवलेलं नाही. बाबा 'ए बाई' म्हणतात. ही पिल्लू असताना शेतातून त्यांच्या मागे मागे घरी आली आणि राहिली. आणि कोणी न शिकवता तिनं एक काम अंगावर घेतलं. दारात कोणी आलं की ती भुंकत बसत नाही. बाबांजवळ येते, त्यांच्या गुडघ्याला नाक लावते आणि ज्या बाजूला आवाज झाला त्या बाजूला पाहते. बाबाही तिकडे पाहतात. बैल सुटला, कुकरची शिट्टी झाली, पावसाचे थेंब पत्र्यावर पडले आणि अंगणात मिरच्या वाळत आहेत, सगळं त्यांना असंच कळतं. रस्त्यानं चालताना मागून गाडी आली तर ती त्यांच्या पायात येते आणि ते कडेला होतात. काकू म्हणते, "तुह्या बापाचे कान चार पायाचे हायेत."

त्या कानांना एकच भीती, फटाक्यांची. ढोलाची नाही. दिवाळीच्या आधी गुड्यातल्या, म्हणजे त्यांच्या पाड्यावरच्या, गोंडांची नाचाची दंडारी निघते, दिवस-दिवस ढोल वाजतात, मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी आमच्या रस्त्यानं नाचत जातात. तेव्हा ही बया रस्त्याच्या कडेला बसून डोळे मिटून ऐकते. पण एक लवंगी फुटली की संपलं. थरथर कापते, लाळ गळते, भिंत खरवडते.

त्याच्या आदल्या वर्षी मी बाबांना दिवाळीला आदिलाबादला घेऊन गेले होते. मोठ्या हौसेनं नेलं. कुत्रीला काकूच्या भरवशावर अंगणात बांधलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं दोरी तोडली आणि पैनगंगेच्या दिशेनं गेली. दुसऱ्या दिवशी बाबा गावी परतले आणि तिला शोधत रस्त्यानं निघाले. मागून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला, शेवटी त्यानं गाडी कापसात घातली म्हणून बाबा वाचले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. बाजूला आडवा झालेला ट्रॅक्टर पाहून ते ड्रायव्हरला म्हणाले, "काऊन गा, झोप लागली का?" कुत्री पाचव्या दिवशी आली, लंगडत, पंजा फाटलेला. ते पाच दिवस मी रोज फोन करून काकूला विचारत होते की बाबा कुठे आहेत, आणि ती रोज सांगत होती की रस्त्यावर.

या दिवाळीपर्यंत तिचं वय झालं होतं. गेली तर परत येण्याची ताकद तिच्यात नव्हती. आणि ती नसली की एखाद्या दिवशी ट्रॅक्टर कापसात घालणारा कोणी नसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी पंधरा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. मी वडिलांची तब्येत असं लिहिलं; कुत्रीची भीती असा रकाना आमच्याकडे नाही.

जनावरांच्या डॉक्टरकडून सगळं विचारून घेतलं होतं. माणसाची झोपेची गोळी चुकूनही द्यायची नाही. बांधायचं नाही. दिवस मावळायच्या आधी लांब फिरवून आणायचं, लवकर खायला घालायचं, आणि आवाज कमी येईल अशा खोलीत, ओळखीच्या माणसाजवळ ठेवायचं. घाबरली तर रागवायचं नाही, जवळ घ्यायचं. अंगाभोवती कापड जरा घट्ट गुंडाळलं तर काहींना बरं वाटतं. आणि आठवडाभर आधीपासून फटाक्यांचा आवाज फोनवर अगदी हळू ऐकवायचा, म्हणजे सवय होते.

आवाज कमी येईल अशी खोली. डॉक्टरनं हे शब्द उच्चारले तेव्हाच मला कोणती ते कळलं होतं.

"कापसात कुत्रं?" काकू परातीतून हात काढून उभीच राहिली. "लक्ष्मी हाय ते! तू शयरात राहून राहून बिघडली वं."

मी म्हटलं, लक्ष्मीला काही होत नाही, पण बाबांना होईल. तिनं दोन दिवस माझ्या ताटात भाजी आपटून वाढली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच एक जुनं लुगडं आणून ढिगाच्या कोपऱ्यावर चौघडी करून अंथरलं आणि म्हणाली, "केस नाई पडले पायजे. एक बी." मी हो म्हटलं.

मग आमची तालीम सुरू झाली. दुपारी सगळं गाव वेचणीला गेलेलं असे. मी, बाबा आणि कुत्री त्या पांढऱ्या अंधारात बसायचो. मी फोनवर फटाके लावायची, मुंगीच्या पावलांनी आवाज वाढवायची, आणि दर वेळी तिला गुळाचा खडा द्यायची. बाबांना वाटायचं मी तिला फोनवर चित्रं दाखवते. "तिले काय समजते?" ते हसायचे आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची, तीत कापसाचे तंतू तरंगायचे, आणि बघता बघता तिघांनाही डुलकी लागायची. चौथ्या दिवशी फोनवर बॉम्ब फुटत असताना कुत्री झोपली होती. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आणखी एक शहाणपणा करायचं ठरवलं.

मी बाबांना आदिलाबादला नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. खरं तर ते कधीपासूनच ठरवलं होतं. दिवाळीची भेट म्हणून आताच उरकलं.

यंत्र लागलं आणि घरातल्या घरात बाबा परगावाहून आल्यासारखे हिंडू लागले. काकू भाकरी थापत होती, ते दारात उभे राहून थापा ऐकत होते. स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकायला अंगणात दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी लिंबावर साळुंक्या आल्या तर म्हणाले, "एवढं बोलून राह्यल्या का ह्या रोज?" मग माझ्याकडे वळून पाहिलं. "तुहा आवाज तुह्या आईवर गेला वं."

मी त्या तीन दिवसांत किती बोलले! हळू, अगदी हळू, भाजी निवडत, वाती वळत. ऑफिसातल्या गोष्टी, दुखणाऱ्या गुडघ्याच्या गोष्टी, रविवारी दुपारी घर कसं खायला उठतं ते. गल्लीला एक शब्द कळला नाही. इतकी वर्षं मी असं काही मागितलं नव्हतं, आणि ते मिळालं तर मला स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं. त्या नादात कुत्रीकडे माझं लक्ष गेलं नाही, हे खरं. फाटकाची कडी वाजली की ती नेहमीसारखी उठून बाबांकडे यायची, पण तिचं नाक गुडघ्याला लागायच्या आधीच बाबा उठून गेलेले असायचे. ती तिथेच रिकाम्या खाटेसमोर उभी राहायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी सगळं घड्याळ लावून केलं. चार वाजता तिला बांधाबांधानं फिरवून आणलं. पाचला दूध-भाकर दिली. दिवे लागायच्या आत ती आणि बाबा कापसाच्या खोलीत. तिच्या अंगाला माझी जुनी ओढणी गुंडाळली, फाटकाला दोरी बांधून आले, दार ओढून घेतलं. मी आतच बसले. नदीपलीकडून, महाराष्ट्रातल्या गावांतून, पहिले फटाके ऐकू आले. कापसातून ते इतके मऊ येत होते की कुत्रीनं नुसता कान हलवला.

मग आमच्याच गल्लीत कोणीतरी बॉम्ब लावला.

कुत्रीच्या आधी बाबा उडाले. अकरा वर्षांनी पहिला बॉम्ब, आणि तो थेट यंत्रातून डोक्यात. त्यांनी दोन्ही हात कानांवर मारले आणि "अरे बाप रे" म्हणून ओरडले. कुत्री त्यांच्या अंगाला टेकून होती. ती ताडकन उठली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थरथरायला लागली. दुसरा बॉम्ब. बाबा पुन्हा दचकले. ती दाराशी जाऊन खरवडू लागली, कापूस उडू लागला. मी तिला धरायला धावले, आणि नेमकं तेव्हाच काकूनं बाहेरून दार उघडलं.

तिची काही चूक नव्हती. आमच्याकडे लक्ष्मीची पूजा कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर होते. दिवा बाहेर अंगणात लांब ठेवतात, ताट उंबऱ्यावर, आणि दार सताड उघडं. त्या संध्याकाळी ते दार लावायचंच नसतं. मिटलेल्या दारातून लक्ष्मी कशी दिसणार? जन्मापासून मी ही पूजा पाहिलेली, लहानपणी ताट मीच धरायची. आणि इतके दिवस योजना आखताना मला तेच आठवलं नाही. इतका स्वतःचा राग मला क्वचितच आला असेल.

कुत्री ताटावरून उडी मारून अंगणात गेली. ओढणी सुटून पायात अडकली होती. तिनं फाटकाला धडक दिली, दोरी बांधलेली होती म्हणून ते उघडलं नाही. मग ती खालच्या फटीतून डोकं घालू लागली. आदल्या वर्षी फाटलेला तोच पंजा मातीत रुतत होता. मी जवळ गेले की ती दात दाखवत होती. मला, जी तिला आठ दिवस गूळ चारत होती. मी रडायला लागले आणि त्याच तोंडानं काकूवर ओरडले, आणि काकू ताट धरून "माय वं, माय वं" करत राहिली.

बाबा खोलीतून बाहेर आले. पुन्हा एक बॉम्ब झाला, त्यांचे खांदे वर गेले. आणि मी पाहिलं की कुत्रीनं फटीतून डोकं काढून मागे पाहिलं होतं. बॉम्बकडे नाही, बाबांकडे. बाबांनीही ते पाहिलं.  मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि तिच्यापासून दहा हातांवर जमिनीवर मांडी घालून बसले.

फटाके चालूच होते. गल्लीत माळ लागली, आकाशात बाण जात होते. बाबांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. शेतात बांधावर बसतात तसे बसले होते, एक हात गुडघ्यावर. कुत्री त्यांच्याकडे पाहत राहिली. बॉम्ब झाला की अंग आखडायची, बाबांचं तोंड बघायची, आणि जरा सैल व्हायची. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी बाबा उठले, तिला हाक न मारता, मागे वळून न पाहता कापसाच्या खोलीकडे चालू लागले. ती पोट जमिनीला घासत त्यांच्या मागे गेली.

तालमीत दिसलेलं तिचं सगळं धैर्य त्या माणसाच्या न दचकण्यातून आलं होतं. गूळ, फोन, ओढणी, ते सगळं वरवरचं. ज्या वर्षी ती पळाली, त्या वर्षी ते शेजारी नव्हते. आणि या वेळी मी त्यांना शेजारी बसवून त्यांची शांतताच काढून घेतली होती. मला फार वाईट वाटलं. कुत्रीसाठी वाटलं, आणि खोटं काऊन बोलू, स्वतःसाठीही वाटलं. यंत्र माझ्या मुठीत होतं आणि बाबा पुन्हा त्या अकरा वर्षांच्या शांततेत गेले होते.

काकूनं ताट सावरलं आणि पूजा पूर्ण केली. दार उघडंच होतं. कापसाला हळद-कुंकू वाहिलं, मग जरा घुटमळून कुत्रीच्या कपाळावरही बोट टेकवलं. "आता लक्ष्मीत बसलीच हाय तं घे," असं म्हणून ती उंबऱ्याबाहेर पदर सावरून बसली.

मी आत जाऊन बाबांच्या पलीकडे ढिगाला टेकले. अंगणातल्या दिव्यांचा उजेड दारातून येऊन कापसावर पसरला होता. सगळी खोली सकाळच्या धुक्यासारखी दिसत होती. फटाके लांब, मऊ, दुसऱ्याच कुठल्या गावातले वाटत होते. कुत्रीचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. तिचा श्वास आधी भरभर, मग हळू, मग हळू. माझेही डोळे जड झाले. आणि अर्धवट झोपेत, जे तीन दिवसांत एवढं बोलूनही राहून गेलं होतं ते माझ्या तोंडून हळूच निघालं.

"बाबा, मले तिकडं तुमची लय याद येते."

ते समोर पाहत होते. पण कुत्रीनं डोकं उचललं. बाहेर बाण सुटत होता, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिनं बाबांच्या गुडघ्याला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हणतं?"

काही नाही, असा हात मी हलवणार होते. अकरा वर्षं तेच करत आले होते. उंबऱ्यावर काकू होती, भिंतीपलीकडे अख्खी गल्ली दिवाळीला जागी होती. मी बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले, "तुमची याद येते म्हणतो! लय याद येते!"

गल्लीतला गलका थांबल्यासारखा वाटला. काकूनं मान फिरवली. कुत्री जरासुद्धा दचकली नाही.

बाबांना सगळं ऐकू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मंग येत जाय नं, माय."